मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरवर 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' चालेल का?

राजेहो, जरा मदत पाहिजे. आमचं गाव पुसद तालुक्यात. भरतीची तयारी करणारे पोट्टे सकाळी धावून येतात अन् मग मोबाईलवर नुसती धाडधाड गोळीबाराची गेम. त्यांना वेगळं काही दाखवायचं आहे.

२००४ चा 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' हा गेम अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी झालेल्या कामातून बाजारात आला. त्यात आपण स्वतः बंदूक चालवतच नाही. चार-चार जणांच्या दोन तुकड्यांना हुकूम द्यायचा: एकीने गोळीबार करून शत्रूला दाबून धरायचं, तेवढ्यात दुसरीने आडोशाआडोशाने बाजूने सरकायचं. घाई केली की माणूस गेला. पोरांना हेच समजावं असं मनापासून वाटतं. ('ऑपरेशन फ्लॅशपॉइंट'चं उलट झालं, २००१ मध्ये आधी गेम आला, मग त्यावरून सैन्यासाठी व्हीबीएस हा सरावाचा प्रोग्रॅम.)

अभ्यासिकेतला कॉम्प्युटर विंडोज १०, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चालेल का? नेटचा भरवसा नाही, दुपारी लाईन जाते. क्रॅक कॉपी नको, विकतच घेऊ. कोणी चालवला असेल तर सेटिंग सांगा. हा नसेल जमत तर असाच डोकं लावायला लावणारा दुसरा कोणता?