शब्दचर्चा : उतरताना विमान वेग ‘राखतं’ की ‘सांभाळतं’?

घोडबंदर रोड, ठाणे : 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या वर्गाला विमानांचं वेड लागलं. भित्तिपत्रकावर एका मुलीने लिहिलंय, ‘खाली येताना ऑटोपायलट वेग धरून ठेवतो.’ मला ‘धरून’ खटकतंय. गाडीने वेग धरला म्हणजे गाडी पळायला लागली! ‘राखतो’ करू, की ‘सांभाळतो’? आणि खाली येण्याला ‘अवरोहण’ चालेल का?

वाशी : अवरोहण गाण्याच्या क्लासला ठेवा. ‘अवतरण’ म्हणाल तर मुलं अवतरणचिन्हं काढतील. सरळ ‘उतरणं’ लिहा. फक्त ‘विमान उतरणीला लागलं’ नको, ते बिचारं निवृत्त झाल्यासारखं वाटतं.

ऐरोली : माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. क्रियापद कुठलं घ्यायचं ते ऑटोपायलट त्या क्षणी काय करतोय यावर ठरतं.

35 हजार फुटांवरचं विमान धावपट्टीच्या दोनशेहून जास्त किलोमीटर आधी खाली यायला लागतं. मुंबईला पूर्वेकडून येत असेल तर अहिल्यानगरच्या आसपासच. ढोबळ हिशेब असा, की दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. ही सुरुवातीची जागा आणि तिथून खालची वाट विमानातला संगणक आधीच आखून ठेवतो. मग इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमीत कमी ताकदीवर जातात, आणि खरी गंमत इथे सुरू होते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, तळाला टेकलेलं असल्यामुळे ऑटोपायलटच्या हातात उरतं ते शेपटीवरचं एलिव्हेटर, म्हणजे नाक वर किंवा खाली करणं. त्या एकाच गोष्टीने वाट आणि वेग दोन्ही एकदम काटेकोर ठेवता येत नाहीत.

म्हणून बोइंगच्या व्हीनॅवमध्ये, म्हणजे चढ-उताराची वाट सांभाळणाऱ्या संगणकाच्या व्यवस्थेत, उतरण्याचे दोन प्रकार असतात. पाथ प्रकारात नाक आखलेल्या वाटेवर ठेवलं जातं आणि वेग थोडा मागे-पुढे होऊ दिला जातो. स्पीड प्रकारात नाकाने वेग पकडून ठेवायचा, वाट सुटली तर सुटली. म्हणजे पहिल्यात वाट *राखली* जाते आणि वेग *सांभाळला* जातो. दुसऱ्यात वेग *राखला* जातो.

घोडबंदर रोड, ठाणे : ‘राखणे’त तडजोड नाही, शब्द राखला की राखला. ‘सांभाळणे’त थोडं डोलणं आलंच, तोल सांभाळतो तसं. हे जमतंय. पण वेग मागे-पुढे होतोच का? वाट तर आधीच हिशेबाने आखलेली असते ना?

ऐरोली : हिशेब अंदाजाच्या वाऱ्यावर केलेला असतो. प्रत्यक्षात मागून जास्त वारा आला की जमिनीवरचं अंतर भराभर संपतं. तीच वाट गाठायची तर नाक आणखी खाली करावं लागतं आणि वेग चढतो. गायमुखच्या घाटात ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात तरी उतार गाडीला ओढतोच ना, तसंच. उलट समोरून वारा वाढला तर वेग पडतो. फार पडला तर ऑटोथ्रॉटल, म्हणजे थ्रॉटल आपोआप हलवणारी यंत्रणा, थोडी ताकद देतो.

वेग मात्र फारच चढला तर ऑटोपायलटचं काही चालत नाही. बोइंग 737 मध्ये संगणकाच्या पडद्यावर ड्रॅग रिक्वायर्ड (हवेचा अडथळा वाढवा) असा संदेश येतो, आणि स्पीडब्रेकचा दांडा वैमानिकाला स्वतः ओढावा लागतो. खिडकीतून पंखावरच्या फळ्या उभ्या झालेल्या दिसतात आणि सीटखाली एक घरघर जाणवते. प्रवाशांना वाटतं काहीतरी बिघडलंय. हे झालं वेग *आवरणं*. राखणं नाही, सांभाळणं तर नाहीच.

वाशी : बिथरलेला घोडा आवरतात. चपखल! एअरबसचंही असंच असतं का?

ऐरोली : तत्त्व तेच. तिथे मॅनेज्ड डिसेंट म्हणतात. ठरलेल्या वेगाच्या वर आणि खाली साधारण 20-20 नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) मुभा असते आणि वेगाच्या पट्टीवर ती दोन खुणांनी दिसते. 10 हजार फुटांखाली सहसा 250 नॉटची मर्यादा असते. ती गाठायला संगणक त्याआधीच वाटेत एक जवळजवळ सपाट तुकडा ठेवतो. उतरायचं आणि मंदही व्हायचं, दोन्ही एकदम जड जातं.

कोपरखैरणे : आमच्या डोक्यावरून मुंबईकडे जातात ती विमानं पण याच व्हीनॅववर का?

ऐरोली : बहुतेक वेळा नाही. तुमच्याकडे ती दोन-अडीच हजार फुटांवर असतात. तोवर सहसा धावपट्टीकडून येणारा आयएलएसचा, म्हणजे उतरण्याची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा संकेत पकडलेला असतो, चाकं आणि पंखांमागचे फ्लॅप बाहेर येत असतात. हवेचा अडथळा इतका वाढतो, की इंजिनांना पुन्हा ताकद द्यावी लागते आणि वेगाचं काम थ्रॉटलकडे जातं. तिथे बेलाशक ‘राखतो’ लिहा.

घोडबंदर रोड, ठाणे : मुलीला हे वाक्य सुचवते : ‘इंजिनं मंद ठेवून उतरताना ऑटोपायलट आखलेली वाट राखतो आणि वेग सांभाळतो. वेग फार चढला तर वैमानिक तो आवरतो.’

वाशी : छान. पण ‘ऑटोपायलट’च राहू दे. कुणीतरी ‘स्वयंचालक’ करेल आणि लोक विचारतील, रिक्षाचा का?