२०० डॉलरचं पिस्तूल घरात ठेवायला बास आहे की नाही?

केटीकर:
मंडळी, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो, गेल्या वर्षी सिटिझन झालो. बायको नाइट शिफ्ट करते, दोन महिन्यांपूर्वी शेजाऱ्यांचं मागचं दार फोडून चोर शिरले, तेव्हापासून पिस्तूल घ्यायचं डोक्यात आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो घ्यायचं तर ग्लॉक १९ घे, ५५०-६०० डॉलर, नाहीतर घेऊच नको. मला हे अजिबात पटत नाही. हाय-पॉइंट सी९ २०० च्या आसपास मिळतं. वर्षातून चारदा नेमबाजीच्या रेंजवर जाणार, बाकी वेळ ते कुलपात, मग तिप्पट पैसे कशाला घालायचे? हाय-पॉइंटला सगळे नावं ठेवतात पण ते एवढं बेढब का आहे त्याला कारण आहे ना. ग्लॉकमध्ये गोळी सुटताना बॅरल म्हणजे नळी आणि स्लाइड म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, हे क्षणभर एकमेकांत अडकून राहतात, हाय-पॉइंटला तसं लॉकच नाही, नुसत्या स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर धक्का झेलायचा, म्हणून स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव आणि जाडजूड. पार्ट कमी, बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. वर आयुष्यभराची वॉरंटी, सेकंडहँड घेतलं तरी. गावठी कट्टा नाहीये तो.

मूळचा_सातारी:
गावठी कट्टा नाही हे मान्य, पण भाऊ, वॉरंटी म्हणजे बिघडल्यावर दुरुस्त करून मिळणार. रात्री २ वाजता बिघडलं तर? मी पण असंच स्वस्त बघून घेतलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. रेंजवर तिसऱ्या मॅगझिनला चाप ओढला, आवाज झाला, आणि पुढच्या वेळी काहीच नाही. खाली बघतो तर रिकामी पुंगळी स्लाइडच्या फटीत उभी अडकलेली, धुराड्यासारखी. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने शांतपणे सांगितलं, मॅगझिन खालून थोपट, स्लाइड मागे ओढ. ओढली, सुटली. पण तोवर माझे हात थरथरायला लागलेले, आणि समोर नुसता कागद होता हो! त्या दिवशी ५० गोळ्यांत ४ वेळा झालं. महिन्याभरात विकून टाकलं.

ओहायोची_आत्या:
सातारकर, मनगट सैल राहिलं तर चांगल्यातलं पिस्तूलपण असंच अडकतं, दोष दरवेळी पिस्तुलाचाच असतो असं नाही. माझ्याकडे सहा वर्षं हाय-पॉइंट आहे, आमच्याच राज्यात, मॅन्सफील्डला बनतं. साध्या गोल टोकाच्या गोळ्या बिनतक्रार खातं, पोकळ टोकाच्या सगळ्या कंपन्यांच्या चालतीलच असं नाही, म्हणून ज्या गोळ्या घरात भरून ठेवणार त्याच आधी चालवून बघायच्या. आणि एक सांगते, हे ६०० डॉलरवाले सल्ले देतात ते सुखवस्तू लोक. रात्री गॅस स्टेशनच्या काउंटरवर एकटं उभं राहणाऱ्याला गरज जास्त आणि खिशात पैसे कमी. त्याने काय करायचं? स्वस्त पिस्तुलं बंद करा म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं काढून घेणं.

न्यूजर्सी_नर्स:
आत्या, तुमचा मुद्दा मनापासून समजते पण स्वस्त मालाचा इतिहासही बघा. १९६८ च्या कायद्याने छोटी स्वस्त पिस्तुलं बाहेरून आणायला बंदी आली, मग लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन, जेनिंग्ज, ब्रायको अशा कंपन्या निघाल्या आणि तसलाच माल इथेच बनवायला लागल्या. ब्रायकोच्या एका मॉडेलची रचना अशी की पिस्तूल रिकामं करायला गोळी बाहेर काढायची तर आधी सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ, उघडायला लागायची. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सात वर्षांच्या मुलाजवळ कोणीतरी ते रिकामं करायला गेलं, सेफ्टी उघडली आणि गोळी सुटली. मुलगा कायमचा पंगू झाला. २००३ मध्ये ज्युरीने कंपनीला जबाबदार धरलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या मुलाला त्याचा काय उपयोग? आणि टॉरस या पिस्तूल कंपनीने २०१५ मध्ये पिस्तूल खाली पडून गोळी सुटते या दाव्यावर तडजोड केली, जवळपास १० लाख पिस्तुलं होती त्यात. स्वस्त करायला कुठेतरी काहीतरी कापलेलं असतं.

माझं तर म्हणणं महागडंपण नको. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर तुमच्या घरी कधी येईल न येईल, पण घरातलं कोणी खचलेलं असेल, वयात आलेलं पोर असेल तर ते रोज त्याच घरात असतं. केटीकर, मुलं किती मोठी आहेत तुमची?

केटीकर:
मोठा १४, धाकटी ९. खरं सांगतो, तुमचा प्रश्न वाचून थांबलो जरा. कुलपाचा विचार मी धाकटीसाठी करत होतो, मोठ्याचा केलाच नव्हता.

ऑस्टिन_एच१बी:
मध्येच विचारतो, मला पण घेता येईल का? टेक्सासमध्ये २०२१ पासून परमिट लागत नाही ना?

मूळचा_सातारी:
नाही रे बाबा! परमिटशिवाय बाळगण्याचा तो नियम राज्याचा. एच-१बी व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक घेताही येत नाही, बाळगताही येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. मित्राच्या नावावर घेऊन तुझ्याकडे ठेवायचा विचार तर स्वप्नातही करू नको, गुन्हा आहे तो, आणि व्हिसा जाईल ते वेगळंच.

ओहायोची_आत्या:
नर्सताई, मुलांचं बोललात ते शंभर टक्के. केटीकर, माझं गणित असं: २०० चं पिस्तूल, १०० ची चांगली लोखंडी पेटी जिचं कोड फक्त तुम्हा दोघांना माहीत, आणि उरलेल्यात गोळ्या. ५० चा बॉक्स १४-१५ डॉलरला येतो, १० बॉक्स चालवा, आणि एक क्लास करा. ६०० चं पिस्तूल घेऊन एक बॉक्स चालवणाऱ्यापेक्षा तुम्ही बरे.

मूळचा_सातारी:
५०० गोळ्या चालवणार असतील तर मी भांडत नाही. पण पिस्तूल तुम्ही नसताना वहिनी वापरणार की नाही? तर दुकानात त्यांना घेऊन जा. बॅरल-स्लाइडचं लॉक नसलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते, स्लाइड मागे ओढायला जोर लागतो, माझ्या बायकोला दोन्ही हातांनी सुद्धा जमली नव्हती.

केटीकर:
शनिवारी दोघं रेंजवर जातोय, तिथे दोन्ही भाड्याने मिळतात. आधी तीच ओढून बघेल. पेटी मात्र आजच ऑर्डर केली.

न्यूजर्सी_नर्स:
कोड मोठ्याच्या वाढदिवसाचा ठेवू नका.