मदत हवी आहे: कार्डिनल आल्बर्ट यांना मराठीत काय म्हणावं? विजरई, गव्हर्नर की राजे?

नमस्कार मंडळी,

आमच्या वसईतल्या चर्चच्या नाताळ अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि दोन गोष्टींवर अडकले आहे. इथे इतिहासाचे जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारते.

लेख कार्डिनल (पोपच्या खालोखालचं चर्चमधलं पद) आल्बर्ट यांच्यावर आहे. १५८३ ते १५९३ अशी दहा वर्षं त्यांनी लिस्बनमध्ये बसून राजाच्या, म्हणजे तेव्हा पोर्तुगालचाही राजा असलेल्या स्पेनच्या राजाच्या, वतीने पोर्तुगालचा कारभार पाहिला. त्या काळात वसईही पोर्तुगीजांची आणि गोवाही. आमच्या पूर्वजांचा राजा माद्रिदला आणि त्याचा प्रतिनिधी लिस्बनला, तोही कार्डिनल! शाळेत आम्हाला चिमाजी अप्पा शिकवले, १७३९ पाठ करून घेतलं. या माणसाचं नाव मात्र मला पहिल्यांदा कळलं ते चाळिशी उलटल्यावर. म्हणून हा लेख मला नीट लिहायचा आहे.

मी जुळवलेलं थोडक्यात सांगते. जन्म १५५९, ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाट इथे. वडील सम्राट दुसरे मॅक्सिमिलियन. आई मारिया ही स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची सख्खी बहीण, म्हणजे फिलिप हा आल्बर्टचा मामा. बहीण आना हिचं लग्न याच मामाशी ठरलं आणि १५७० मध्ये तिच्यासोबत अकरा वर्षांचा आल्बर्टही स्पेनला गेला. मामाच आता बहिणीचा नवरा झाला. पुढे १५९९ मध्ये आल्बर्टने मामाची मुलगी इझाबेला हिच्याशी लग्न केलं, म्हणजे तोच सासराही. (फिलिप त्याआधी काही महिने, १५९८ च्या सप्टेंबरात वारला होता.) मामेबहिणीशी लग्न हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, पण पुढचं लागतं.

१५७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांना कार्डिनल केलं. मग कार्डिनलने लग्न केलं कसं? कच्चा लेख वाचून दाखवला तेव्हा माझ्या मावशीने तिथेच थांबवलं. "लाल टोपी घातलेला माणूस बोहल्यावर कसा चढेल? तुझी काहीतरी चूक झाली असेल," म्हणाली. मला तिला पटेल असं उत्तर लिहायचं आहे.

दुसरी अडचण शब्दाची. पोर्तुगालमध्ये ते राजाचे प्रतिनिधी होते. १५९६ पासून ब्रुसेल्सला स्पॅनिश नेदरलँड्सचे (साधारण आजच्या बेल्जियमचा भाग) गव्हर्नर. १५९९ पासून पत्नीसह तिथले सार्वभौम शासक. तिन्ही ठिकाणी 'राज्यपाल' लिहिलं तर डोळ्यांसमोर राजभवन येतं, आणि 'सुभेदार' लिहिलं तर मुघल. काय वापरू?

प्रतिसाद १

ताई, पोर्तुगालच्या पदासाठी शब्द आपल्याच घरात आहे: विजरई. जुन्या मराठी कागदांत गोव्याच्या फिरंगी मुख्याला हेच म्हटलंय. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ राजाच्या जागी असलेला, आणि आल्बर्ट अगदी तेच होते. बेधडक वापरा.

एक काळजी मात्र घ्या. गोव्याचा विजरई वेगळा आणि त्याची नेमणूक राजा स्वतः करायचा. आल्बर्ट वसईचा कारभार चालवत होते असा समज होऊ देऊ नका. त्यांचा हात इकडे पोचायचा तो दुसऱ्या वाटेने. १५८६ पासून ते पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचे (धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचे) प्रमुख होते आणि गोव्याचं न्यायासन (स्थापना १५६०) लिस्बनच्या हाताखाली होतं. चर्चचा अंक आहे म्हणून हा भाग गाळू नका, ही विनंती. लोकांनी सोसलंय ते.

प्रतिसाद २

मावशींच्या शंकेचं उत्तर: कार्डिनल हे पद आहे, गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) नव्हे. आल्बर्टनी फक्त खालच्या पायरीच्या दीक्षा घेतल्या होत्या आणि त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचं बंधन येत नसे. त्यांनी फादरची दीक्षा घेतली नाही, बिशपचीही नाही. स्पेनमधल्या टोलेडोचं आर्चबिशपपद त्यांना द्यायचं फिलिपच्या मनात होतं, पण तिथले आर्चबिशप किरोगा १५९४ पर्यंत जगले. त्यामुळे ते पद उशिरा मिळालं, तेही दीक्षेविना, आणि १५९८ मध्ये त्यांनी ते सोडलं. १५९८ मध्ये आल्बर्टनी ब्रुसेल्सजवळच्या हाल गावी मारियामातेच्या देवळात कार्डिनलपदाची वस्त्रं उतरवली, मग लग्न. आज असं होणार नाही. १९१७ च्या धर्मकायद्याने कार्डिनल किमान धर्मगुरू असलाच पाहिजे असं ठरवलं.

आता याच्या शेजारी पोर्तुगालचा कार्डिनल-राजा हेन्रिक ठेवून बघा. १५७८ मध्ये पुतण्याचा मुलगा सेबास्तियांव लढाईत पडला आणि म्हातारपणी गादी हेन्रिककडे आली. वारस हवा म्हणून त्याने पोपकडे लग्नाची परवानगी मागितली. पण तो दीक्षित आर्चबिशप. पोप हेच तेरावे ग्रेगरी, आणि परवानगी मिळाली नाही. १५८० मध्ये हेन्रिक निपुत्रिक वारला, फिलिपने पोर्तुगाल घेतलं. १५८१ मध्ये पोर्तुगालमधल्या तोमार गावी भरलेल्या सभेत त्याने वचन दिलं की विजरई एकतर पोर्तुगीज असेल नाहीतर राजघराण्यातला. म्हणून भाचा आला. एका कार्डिनलला लग्न करता आलं नाही, म्हणून दुसरा लिस्बनला पोचला!

प्रतिसाद ३

लग्नासाठी टोपी सोडली असं लिहू नका, प्रेमकथा वाटेल. मुलीला नेदरलँड्स द्यायचं आणि भाच्याशी तिचं लग्न लावायचं हा बेत फिलिपचा होता.

आणि १५८९ जरूर घ्या. आदल्या वर्षी इंग्लंडवर चालून गेलेलं स्पेनचं आरमार लिस्बनहूनच निघालं होतं. त्याचा वचपा काढायला ड्रेक आणि नॉरिस इंग्रज फौज घेऊन लिस्बनवर आले, सोबत पोर्तुगीज गादीचा दावेदार दों आंतोनियो. शहर उठेल अशी त्यांची आशा होती. ते उठलं नाही, आणि आल्बर्टनी लिस्बन राखलं.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: लिस्बनमध्ये विजरई, ब्रुसेल्समध्ये आधी गव्हर्नर, लग्नानंतर राज्यकर्ते. लेखाची सुरुवात हेन्रिकपासून करते. मावशीला ते वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला का नाही दिली परवानगी?" ते उत्तर कसं लिहावं? पोपचा निर्णय धर्माचा होता, पण फायदा फिलिपचा झाला, हे दोन्ही मला सांगायचं आहे आणि चर्चच्या अंकात ते कुणाला दुखावणारं वाटू नये. कुणी दोन-चार वाक्यं सुचवाल का? रविवारी अंक छपाईला जातो.