पुरात बुडालेले चिटौरी धडधाकट, पिशवीत जपलेले चिकट. असं का झालं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्याकडे ‘द ॲव्हेंजर्स’ (२०१२) या चित्रपटात पृथ्वीवर हल्ला करणारे परग्रहवासी, म्हणजे चिटौरी, यांचे चौदा प्लास्टिकचे खेळण्यातले सैनिक आहेत. सहा इंची नऊ, पावणेचार इंची पाच. सगळे सांधे हलणारे. नायक एकही नाही, आणि घरी येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, “आयर्न मॅन कुठाय?”

मला हे सैनिकच आवडतात. त्यांच्या अंगात चिलखत रुतलंय, कातडी कुठे संपते आणि धातू कुठे सुरू होतो ते कळत नाही. एक आकार दुसऱ्यात कसा मिसळतो हे आठवीच्या मुलांना दाखवायला मी एक सैनिक वर्गात नेतो. पडद्यावर ते न्यूयॉर्कच्या आकाशातून उतरतात तेव्हा एकेकाला धड दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि शेवटी त्यांचं मोठं यान फुटलं की सगळे एकदम जागच्या जागी कोसळतात. त्यांचा चेहरा नीट बघायचा तर हातातच घ्यावा लागतो.

आता अडचण सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. सहा सैनिक खालच्या कपाटात होते. दोन दिवसांनी चिखलातून काढले, साबणाने धुतले, जुन्या टूथब्रशने गुडघ्याकोपरातला गाळ खरवडला आणि सावलीत वाळवले. तेव्हापासून ते उघड्या फळीवर उभे आहेत, काही झालेलं नाही. बाकीचे आठ माळ्यावर होते, कोरडे राहिले. पण मी धसका घेतला होता. एकेकाला झिपच्या पिशवीत घालून सगळे पत्र्याच्या पेटीत बंद केले. आईने साड्यांत टाकते तशा पेटीत डांबरगोळ्या टाकल्या. ती पेटी या गणपतीत उघडली. आठही जण चिकट! बोट लावलं की बोट ओढलं जातं. दोघांच्या बंदुकीच्या नळ्या वाकल्यात. एकाचा खांदा अडकला होता, तो मी जोराने फिरवला आणि पेग, म्हणजे सांध्यातली खुंटी, तुटला. ती घाई माझीच, फार वाईट वाटलं.

ज्यांना जपलं तेच बिघडले हे पटत नाहीये. काय करू?

पॉलिमरवाली
सर, तुमच्या पेटीत दोन गोष्टी एकदम झाल्यात.

पहिली पिशवीची. मऊ भाग, म्हणजे नळ्या, पट्टे, काही वेळा डोकंसुद्धा, पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते मऊ करतात. हा तेलकट पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. फळीवरच्या सहा जणांना वारा लागला, तुम्ही अधूनमधून पुसलंही असेल, म्हणून तो साठला नाही. बंद पिशवीत त्याला जायला जागा नव्हती. त्यात माळ्यावरची उन्हाळ्यातली धग.

दुसरी डांबरगोळ्यांची, आणि मला हीच जास्त गंभीर वाटते. त्यांतलं नॅफ्थॅलिन घरच्या तापमानाला न वितळताच घनाची थेट वाफ होत जातं. ती वाफ काही प्लास्टिकांत शिरून त्यांना मऊ करते, पॉलिस्टायरीनला तर लवकर. हल्ली बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात, त्याही तशाच वाईट. आईंना सांगा, साड्यांना गोळ्या चालतात, यांच्या जवळपाससुद्धा नकोत.

उपाय: कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश. मग दोन दिवस पंख्याखाली, सावलीत. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांतलं काहीही लावू नका, रंगच जाईल. चिकटपणा काही महिन्यांनी पुन्हा येऊ शकतो. आला तर पुन्हा धुवायचं.

डोंबिवलीचा_जुना_गडी
सर, सांध्यांचं माझ्याकडे. तीस वर्षं हेच करतोय.

अडकलेला सांधा कोरडा असताना कधीच फिरवायचा नाही. चहाला आधण यायच्या आधीचं गरम पाणी घ्या, त्यात तो सांधा मिनिटभर बुडवा, मग पुढेमागे अगदी थोडा थोडा हलवा. वाकलेल्या नळीलाही हाच उपाय. गरम पाण्यात मऊ झाली की बोटांनी सरळ करायची आणि तशीच धरून बर्फाच्या पाण्यात घालायची. गार होईपर्यंत सोडू नका, सोडलीत तर पुन्हा वाकते.

तुटलेल्या पेगसाठी हातड्रिल आणि १ मिमीचं बिट लागेल. दोन्ही तुकड्यांत सरळ भोक पाडा, स्टीलची तार बसवा, मग फेविक्विकचा एकच थेंब. थेंब तुटलेल्या जागी, फिरणाऱ्या भागावर नाही. ढिल्या गुडघ्याला पारदर्शक नेलपेंटचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा.

पावणेचार इंचीवाल्यांना पाठीत स्क्रू आहे का बघा. १९८२ साली आलेल्या जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या बांधणीत कमरेत रबरी ओ-रिंग असते आणि धड व पाय तीच एकत्र धरते. तशी बांधणी असेल तर रिंग काढून नवी घालता येते. मी नळ सामानाच्या दुकानातून मापाची शोधून आणतो.

दादरकर_८८
दुरुस्तच करा सर, नवे घेणं परवडायचं नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. मला सैनिकांची रांग उभी करायची होती, ती तिघांवरच थांबली.

एरीकाठची_मेधा
मी क्लीव्हलंडला असते. चित्रपटात न्यूयॉर्क म्हणून दिसणाऱ्या लढाईचा बराच भाग २०११ च्या उन्हाळ्यात इथल्या ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवर चित्रित झालाय. मी त्या रस्त्याने रोज जाते. सर, तुम्ही चित्रकार आहात, फळीमागे त्या रस्त्याचा पडदा रंगवा ना! हवे तितके फोटो काढून इथे टाकते. आणि खांदा जुळला नाही तरी तो सैनिक टाकून देऊ नका. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मध्ये व्हल्चर हा खलनायक याच लढाईच्या ढिगाऱ्यातल्या चिटौरी सामानातून शस्त्रं बनवतो. मोडका सैनिक त्या ढिगाऱ्यात शोभेल.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी आठही जणांना आंघोळ घातली. सहा जण एका धुण्यात स्वच्छ झाले, दोघांना पुन्हा धुवावं लागणार. नळ्या सरळ झाल्या. गडीकाका, खांद्यात तार बसली, हात वर जातो! आईला डांबरगोळ्यांचं सांगितलं. तिने निमूट त्या उचलून साड्यांच्या कपाटात नेल्या, आणि संध्याकाळी स्वतः येऊन एकेकाचं बोट दाबून बघत होती.

मेधाताई, फोटो नक्की टाका. रस्ता कोपऱ्यावरून दिसेल असा हवा.

पॉलिमरवालीताई, एक राहिलं. दोघांच्या छातीवरचा सोनेरी रंग धुताना बोटाला लागला. वरून वार्निशचा स्प्रे मारू का?

पॉलिमरवाली
स्प्रे नको सर. मऊ पीव्हीसीवर त्याचा थर बऱ्याचदा वाळतच नाही, पुन्हा चिकट होऊन बसेल. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वार्निश घ्या आणि आधी तळपायाला लावून आठवडाभर बघा.