शब्दचर्चा : त्यांचा ‘मी’ आणि आपला ‘मले’

विचारणा : भाची तलाठी भरतीचा अभ्यास करते. सराव पेपरात गाळलेली जागा होती, ‘बिटवीन यू अँड ...’. तिनं ‘आय’ भरलं, उत्तरतालिकेत ‘मी’ निघालं. शाळेत ‘मी अँड माय फ्रेंड’ म्हटलं की बाई रागवायच्या, ‘माय फ्रेंड अँड आय’ म्हणायला लावायच्या. मग इथं उलटं कसं? कापसाचा वेचा चालू होता, म्हणून मी ‘छपाईची चूक असेल’ म्हणून मोकळा झालो. आता मलाच चैन नाही.

– तालिका बरोबर, आणि बाईही बरोबर. ‘माय फ्रेंड अँड आय वेंट टू यवतमाळ’ यात जाणारे ते दोघे, म्हणून ‘आय’. टू, फॉर, विथ, फ्रॉम, बिटवीन यांच्या पुढं मात्र मी, हिम, हर, अस, देम हीच रूपं. शंका आली की जोडीदाराला वाक्यातून उठवून पाहायचं. ‘सरपंच गेव्ह द फॉर्म टू हर अँड आय’ यातून ‘हर’ काढा. नुसतं ‘टू आय’ कोण म्हणेल? ‘बिटवीन’ला एकट्यानं भागत नाही, तिथं दोघांचं मिळून रूप घाला : ‘बिटवीन अस’. ‘बिटवीन वी’ कानालाच खटकतं. एकदा रागावणी खाल्लेली मुलं पुढं जिथं तिथं ‘आय’ टाकत सुटतात. इंग्रजही यात फसतात. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पत्रात चक्क ‘बिटवीन यू अँड आय’ आहे. तलाठ्याच्या पेपरात ती सवलत नाही.

– आपल्या मुलांचा घोळ त्याच्याही आधी सुरू होतो. आपला ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’, त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. उच्चार एकच, काम उलटं. म्हणून लहान पोरगं ‘मी गो टू स्कूल’ लिहितं. गंमत अशी की दोन्ही ‘मी’ एकाच कुळातले. आपला आला संस्कृत ‘मया’वरून, म्हणजे ‘माझ्याकडून’. ‘अहम्’ मराठीत टिकला नाही, त्याच्या जागेवर हा जाऊन बसला. आपल्या आज्या ‘म्या केलं’ म्हणतात त्यात ते जुनं काम अजून दिसतं.

– आमी पोराईले साधं सांगतो बाप्पा. ‘मले’ बसते तिथं ‘मी’, ‘त्याले’ बसते तिथं ‘हिम’, ‘कोनाले’ बसते तिथं ‘हूम’. झालं!

– थांबा भाऊ. ‘मले भूक लागली’, ‘मले ताप आला’, ‘मले पोहता येते’, ‘मले ठाऊक नाही’. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘आय’ येतो. तुमच्या हिशेबानं पोरगं ‘मी ॲम हंग्री’ लिहून येईल. आपल्याकडे भूक लागते, ताप येतो, माणूस नुसता सोसतो. इंग्रजीत भुकेलाही कर्ता माणूसच. ‘मले दिलं’, ‘मले बोलावलं’, ‘मले मारलं’ यात देणारा, बोलावणारा, मारणारा दुसराच कोणी आहे. तेवढ्यापुरतं तुमचं सूत्र पक्कं. ‘हूम’ बोलण्यातून जवळजवळ गेलाच, पण ‘टू हूम’ लिहिताना अजून लागतो.

– (विचारणारा) भाचीला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘मामाजी, मले समजलं.’ मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. थोडं थांबली, मग ‘आय’ लावूनच बोलली. पण लगेच दुसरं काढलं. ‘बाबा वावरात गेले, ते सांजच्याला येतील’ याचं तिनं ‘दे विल कम’ केलं आहे. चालेल का?

– नाही, ‘ही’. आपला आदराचा ‘ते’ त्यांच्याकडे ‘ही’च होतो. बाबा असोत की सालदार, दोघांनाही ‘ही’. आणि तिच्या तोंडी ‘थे आली’ असेल तर तो ‘थे’ पाहून ‘दे’ लिहू नका, तिथं ‘शी’.

– बाबाले ‘ही’? घरी आयकलं तर जेवन बंद होईन.