मदत हवी आहे: क्लाइंबिंग शूज आतून धुवायचे कसे? (सातारा, ऐन पावसाळा)

नमस्कार मंडळी,

मी सातारकर. आमच्या घरात आता शूज राहतील नाहीतर मी, एवढ्यावर गोष्ट आलीय. आईने निकाल देऊन टाकलाय, फक्त अंमलबजावणी बाकी आहे.

हे कातळ चढायचे शूज अनवाणी पायानेच घालतो, बोटं दुमडून बसतील एवढे घट्ट. आत घाम, त्यात हाताचा चॉक (पकड सुटू नये म्हणून लावतो ती पांढरी पूड) आणि तळव्याला लागलेली लाल माती. तिन्ही मिळून आतल्या तळाला काळपट, चिकट थर बसलाय. अंगठा टेकतो तिथे नख ओढलं की तो मेणासारखा निघतो. वासाचं म्हणाल तर एसटीत सॅकची चेन उघडली की शेजारचा माणूस खिडकी उघडतो. बाहेर पाऊस असला तरी.

दिवाळीनंतर त्रास होत नाही. हवा कोरडी असते, रात्रभर खिडकीत ठेवले की सकाळी खडखडीत. पण जूनपासून कातळ बंद, सगळा सराव मित्राच्या शेडमध्ये ठोकलेल्या प्लायवूडच्या वॉलवर. इथे टॉवेल दोन दिवस ओला राहतो, तिथे शूजचं काय घेऊन बसलात!

जोड दोन आहेत. माझे चामड्याचे, आत अस्तर नाही, रंग अजून सुटतो (पाय लालभडक होतात). बहिणीचे सिंथेटिक, आत कापडी अस्तर. तिच्या टाचेच्या खोबणीत पांढरी लव दिसायला लागलीय.

पाण्यात घालावेत का? स्पिरिट चालेल का? चपला शिवणारे ओळखीचे काका म्हणतात, आत फोमचा तळ चिकटवून देतो, घाण त्यालाच लागेल. आणि हे सगळं केल्यावर या हवेत वाळवायचे कुठे? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद :

फोमचा तळ अजिबात नको. काकांचा हेतू चांगला आहे, पण या शूजमध्ये पायाला कातळाचा कंगोरा कळला पाहिजे. मध्ये फोम आला की तेच जातं, आणि घाम धरून ठेवायला एक स्पंज मिळतो तो वेगळाच.

धुताना दोन्ही जोडांना एक न्याय लावू नका. बहिणीचे सिंथेटिक खुशाल धुवा. कोमट पाणी, सौम्य लिक्विड साबणाचे थोडे थेंब, जुना टूथब्रश. पट्टे पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा आणि बोटांकडच्या टोकापर्यंत ब्रश पोचवा, कारण खरी घाण तिथेच असते. फेस येईनासा होईपर्यंत खळबळा. साबण आत राहिला तर पुढच्या घामाला तळ बुळबुळीत होतो.

तुमचे चामड्याचे मात्र बुडवू नका. बिनअस्तराचं चामडं भिजलं की सैल पडतं, आणि घट्ट घेतलेला नंबर हातचा जातो. ओलसर फडकं बोटाला गुंडाळून आतून पुसा, चिकट थर ब्रशने सुटा करा, पुन्हा पुसा. एका बैठकीत सगळं निघणार नाही, निघायलाही नको.

वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, गॅसजवळची जागा, उन्हात उभी गाडी, सगळं वर्ज्य. सोलचा गोंद उष्णतेने मऊ होतो. सोल बदलणारे कारागीर जुनं रबर काढायला शूज तापवतातच की.

प्रतिसाद :

वरच्यांनी धुण्याचं सांगितलं, मी वासाचं सांगतो.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातली ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल तोडतात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, त्याचा तो वास. आम्ल असल्यामुळे खाण्याचा सोडा त्यावर लागू पडतो. सिंथेटिकमध्ये चिमूटभर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. चामड्यात सुटा टाकू नका. चामडं स्वतः आम्लधर्मी असतं, सोड्याने कोरडं पडून तडकतं. जुन्या मोज्यात सोडा बांधून तो मोजा आत ठेवा.

पांढरी लव म्हणजे बुरशी. घरात झटकू नका. व्हरांड्यात नेऊन, तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने काढा, मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने लावा. ९९ टक्क्यांचं घेऊ नका, ते काम करायच्या आत उडून जातं. चामड्यावर लावायचंच असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा, रंग उठतो. आणि देवघरातल्या समईपासून लांब.

फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईलच. थंडीने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, झोपतात. पाय आत गेला की जागे. शिवाय आईसाहेबांना फ्रीजरमध्ये शूज दिसले तर पुढचं तुम्ही जाणता.

प्रतिसाद :

मी महाबळेश्वरची. तुमच्या साताऱ्याच्या पावसाला आम्ही पाऊस म्हणत नाही. :)

धुण्यापेक्षा वाळवण्याकडे लक्ष द्या. वर्तमानपत्राचे बोळे आत सारा, पण ठासून नाही, ओलं चामडं त्या मापाने ताणलं जातं. कागद दमट लागला की बदला, पहिल्या रात्री तरी कंटाळा करू नका. शूज जमिनीवर न ठेवता खुर्चीच्या पाठीला उलटे लटकवा आणि टेबल फॅनचा वारा थेट तोंडात जाऊ द्या. वाळले की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ओले असताना डब्यात घातलेत तर बुरशीचं शेतच कराल.

रोजचं म्हणजे, दोन चढायांच्या मध्ये शूज काढा, चपला घाला. चढण्याआधी पाय धुऊन पूर्ण कोरडे करा. तुरटी ओली करून तळव्यांना फिरवा, घाम कमी येतो. टाल्कम पावडर नको, आत पाय सरकतो. आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर आधी डॉक्टरांकडून मलम घ्या. नाहीतर शूज स्वच्छ करायचे आणि पायाने परत घाण करायचे.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. फोम रद्द. बहिणीचे आज संध्याकाळी धुतो, माझे फडक्याने. चिखल्यांचं कसं ओळखलंत कोण जाणे, मलम आणलं.

एकच राहिलं. सिलिका जेल सुटं कुठे मिळेल? बुटांच्या खोक्यातल्या पुड्या पुरायच्या नाहीत.

प्रतिसाद :

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानात विचारा, किलोवर देतात. केशरी रंगाचे दाणे मागा. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. दाण्यांचा रंग पालटला की ओलावा भरला समजायचं. मंद आचेवर जुन्या कढईत तापवले की परत वापरता येतात. कढई स्वयंपाकातली घेऊ नका.