आईच्या मेंदूत अॅन्युरिझम निघालाय, क्लिपिंग करावं की कॉइलिंग?

कृष्णाकाठ: आई ५६ वर्षांची, बीपीची गोळी चालू. चक्कर येते म्हणून एमआरआय केला तर उजव्या एमसीएला (मेंदूची मधली मोठी रक्तवाहिनी) जिथे फांद्या फुटतात तिथे ६ एमएमचा फुगा निघाला, फुटलेला नाहीये. एक सर्जन म्हणतात कवटी उघडून क्लिप लावू, दुसरे म्हणतात आता कोण डोकं उघडतं, मांडीतून वायर नेऊन फुग्यात कॉइल म्हणजे बारीक तारेची गुंडाळी भरू. आई कवटीचं नाव काढलं की रडायला लागते आणि मावशीचं एकच, बिनटाक्याचं करा. कुणी यातून गेलंय का?

पिंट्या_नगरकर: सासऱ्यांचं कॉइलिंग केलं, फुगा फुटलेला होता. ऑपरेशन छान झालं पण पुढच्या अँजिओत कॉइल दबलेल्या दिसल्या, फुग्याच्या मानेपाशी, म्हणजे तोंडाशी, परत रक्त भरत होतं, मग दुसऱ्यांदा करावं लागलं. बिनटाक्याचं म्हणजे एकदाच मिटलं असं नसतं.

रात्रपाळी: न्यूरोसर्जरीत रेसिडेंट आहे. कॉइलवाले बहुतेक आयसॅट दाखवतील, २००२ ची ट्रायल, २१४३ पेशंट, वर्षभरात मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलमध्ये २३.७ टक्के, क्लिपमध्ये ३०.६. पण ते सगळे फुटलेले होते आणि त्यात एमसीएचे फारच थोडे, त्यामुळे तो आकडा आईला जसाच्या तसा लावू नका. एमसीएचा फुगा सर्जनला तसा हाताशी असतो, शिवाय मान बऱ्याचदा रुंद आणि एखादी फांदी फुग्याच्या बुडातूनच निघालेली, अशा वेळी कॉइल बाहेर सरकते म्हणून स्टेंट टाकतात आणि मग अॅस्पिरिन क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या, आलंच. हाच फुगा बॅसिलरच्या (मेंदूच्या मागच्या बाजूची खोल रक्तवाहिनी) टोकाला असता तर मीच कॉइल म्हटलं असतं. डीएसए (वायर नेऊन केलेली मेंदूची अँजिओ) झालंय का? मान किती एमएम? आणि दोघांनाही सरळ विचारा, असे वर्षाला किती करता? राग आला तरी विचारा.

शंकासुर: पण करायलाच पाहिजे का? २००३ च्या मोठ्या अभ्यासात मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवरचे ७ एमएमच्या आतले फुगे, आधी कधी ब्लीड न झालेल्यांचे, ५ वर्षांत एकही फुटला नव्हता. सगळे आपले कापायला किंवा भरायला बसलेत.

रात्रपाळी: बरोबर, पण प्रॅक्टिसमध्ये ७ च्या आतले फुटलेले आम्ही बघतोच. आकार वेडावाकडा आहे का, सिगारेट, बीपी, घरात कुणाला ब्रेन हॅमरेज, हे सगळं धरून ठरतं.

कृष्णाकाठ: आईची आई पन्नाशीत डोकं धरून बसली आणि तासाभरात गेली. तेव्हा कुणी तपासलंच नाही, हार्ट म्हणाले.

रात्रपाळी: अहो हे फाईलवर लिहिलंय का?? दोन्ही डॉक्टरांना सांगा, नुसतं वाट बघू म्हणणाऱ्यालाही. आजीचं तेच असेल तर मावशीची आई आणि बहीण दोघी झाल्या, तिचाही एमआरए (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) करायचा का विचारून घ्या.

कृष्णाकाठ: डीएसए सोमवारी आहे. मावशीला आज सांगतो, ती आधी मलाच ओरडणार.